‘माहीत आहे तेच लिहा’ : कथा-कादंबरी लिहिताना या चुका टाळा

लेखनाच्या कार्यशाळेत, दिवाळी अंकाच्या संपादकाकडून किंवा घरातल्याच एखाद्या वाचनवेड्या काकांकडून नवलेखकाला एक सल्ला हमखास मिळतो: जे माहीत आहे तेच लिही. सोबत ‘आडात नाही तर पोहऱ्यात कोठून येणार’ ही म्हणही ऐकवली जाते. या सल्ल्यात खोट नाही, पण तो बहुधा भलत्याच जागी लावला जातो. लेखक विषय निवडताना तो काटेकोरपणे पाळतो आणि प्रत्यक्ष लिहायला बसल्यावर विसरून जातो. माझ्या मते हे उलट व्हायला हवे. विषय कोणताही घ्यावा. मात्र कागदावर उतरणाऱ्या प्रत्येक वाक्याला विचारावे, की हे मला कशावरून माहीत आहे, आणि ज्याच्या तोंडून किंवा नजरेतून मी हे सांगतो आहे त्याला ते कसे माहीत असेल. पुढे ज्या चुका सांगितल्या आहेत, त्यांपैकी बहुतेक हा प्रश्न न विचारल्याने होतात आणि एक-दोन तो भलत्या ठिकाणी विचारल्याने.

विषयालाच कुंपण घालणे

या चुकीचे लक्षण ओळखायला सोपे आहे. लेखकाच्या चार-पाच कथा ओळीने वाचाव्यात. सगळ्या कथांचा नायक लेखकाच्याच वयाचा, त्याच्याच पेशाचा आणि त्याच्याच उपनगरात राहणारा असेल, आणि बाकीची माणसे त्याला काहीतरी सुनावण्यापुरती किंवा त्याचे ऐकून घेण्यापुरतीच येत असतील, तर लेखकाने सल्ला शब्दशः घेतला आहे असे समजावे. बँकेत नोकरी करणाऱ्याने केवळ बँकेविषयी लिहायचे ठरवले, तरी त्याच्या कथेत कधी ना कधी कर्ज थकलेला माणूस येतोच, आणि त्या माणसाच्या घरात लेखकाने पाऊलही टाकलेले नसते. ज्या लेखनात एकाहून अधिक माणसे आहेत, त्यात लेखकाला दुसऱ्याच्या जागी उभे राहावेच लागते. तेव्हा हा नियम विषयाला लावून पूर्णपणे पाळता येईल, ही समजूतच मुळात चुकीची आहे.

मराठी कादंबरीत याचा दाखला फार लवकर मिळाला. हरि नारायण आपटे यांनी १८९० साली ‘करमणूक’ हे साप्ताहिक सुरू केले आणि त्यातून ‘पण लक्षात कोण घेतो?’ ही कादंबरी क्रमशः प्रसिद्ध केली. ती यमू या स्त्रीने स्वतः सांगितलेली तिच्या आयुष्याची हकीकत आहे: बालपण, लग्न, सासर, वैधव्य आणि त्यानंतरचे हाल. लेखक तेव्हा पंचविशीच्या आसपासचा पुरुष. वैधव्य किंवा सासुरवास त्याच्या वाट्याला येण्याचा प्रश्नच नव्हता. त्याला माहीत होते ते त्या काळचे पांढरपेशे घर: माजघरातले बोलणे ओटीवर किती पोहोचते, वडिलधाऱ्यांसमोर कोणी तोंड उघडायचे आणि कोणी नाही, मुलीच्या शिकण्याची थट्टा कोण कोणत्या शब्दांत करते. या माहीत असलेल्या घरात त्याने स्वतःला न मिळालेल्या जागेवरून पाहिले आणि बोलणे मात्र त्या बाईच्या तोंडचे ठेवले. परकायाप्रवेश हा शब्द आपण फार गूढ अर्थाने वापरतो. येथे त्यातला बराचसा भाग घराच्या बारीक माहितीचा आहे.

म्हणून विषय निवडताना ‘हे माझे आहे का’ या प्रश्नाऐवजी कागदावर तीन रकाने आखावेत: या विषयातले मी स्वतः पाहिलेले काय, ऐकलेले किंवा वाचलेले काय, आणि केवळ अंदाजाने धरलेले काय. पहिला रकाना रिकामा राहिला तर विषय सोडण्याची घाई करू नये, पण लिहिण्याचीही करू नये. तिसऱ्या रकान्यात जे येईल तेच पुढच्या कामाची यादी ठरते.

ओळखीचे आहे म्हणून न तपासणे

अनोळखी विषयावर लिहिणारा निदान भीत भीत लिहितो. ओळखीच्या विषयावर लिहिणाऱ्याला ती भीती नसते, त्यामुळे सर्वांत ठळक चुका अनेकदा ‘स्वतःच्या’ गावाविषयी लिहिताना सापडतात. मी या चुकीला अज्ञानापेक्षा वरचा क्रमांक देईन.

उदाहरण म्हणून कोकणातल्या बालपणाची कथा घेऊ. लेखकाचे बालपण खरोखर तिथे गेलेले असते. आता तो पुण्यात किंवा ठाण्यात राहतो. कथेत मृगाचा पहिला पाऊस कोसळतो, मातीचा वास सुटतो, आणि त्याच संध्याकाळी आजी इरले पांघरून भातलावणीसाठी शेतात वाकलेली दिसते. शहरातला वाचक हरखून जातो. शेतातला वाचक मात्र इथेच पुस्तक मिटतो. लावणी पहिल्या पावसाला होत नाही. त्याआधी उन्हाळ्यात राब भाजून जमीन तयार केलेली असते, त्या तुकड्यात भात पेरून रोप वाढवायचे असते, आणि ते उपटून लावण्याजोगे व्हायला पेरणीनंतर तीन आठवडे तरी लागतात. पाऊस सुरू होण्याआधीच कोरड्या मातीत धूळवाफेची पेरणी केली, तरी बी रुजायला पाऊस लागतोच. मग खाचरात पाणी साठल्यावर चिखलणी, आणि त्यानंतर लावणी. म्हणजे मृग सुरू होतो जूनच्या पहिल्या आठवड्याच्या शेवटी, तर लावणीची खरी धांदल आर्द्रा-पुनर्वसूच्या सुमारास, जूनअखेर आणि जुलैमध्ये. कथा आजच्या काळात घडत असेल तर प्रत्येक बाईच्या डोक्यावर इरले असणेही संशयास्पद आहे. बहुतेक ठिकाणी त्याची जागा प्लॅस्टिकच्या कागदाने घेतली आहे आणि चिखलणीला पॉवर टिलर फिरतो.

लेखकाने खोटे सांगितलेले नसते. त्याने पहिला पाऊसही पाहिला होता आणि लावणीही पाहिली होती. मधले तीन-चार आठवडे तेवढे गळाले, कारण त्या दिवसांत तो शाळेत होता. आठवणीत दोन चित्रे शेजारी येऊन बसतात आणि त्यांच्यामधले काम नाहीसे होते. गंमत अशी, की कथेला उपयोगी असते ते हे मधले कामच. रोप तयार आहे पण पाऊस ओढ देतो आहे, शेजाऱ्याने आपले माणूसबळ आधी दुसऱ्याच्या शेतात दिले आहे, मुंबईला असलेला मुलगा लावणीला येतो म्हणाला होता आणि त्याची रजा नामंजूर झाली आहे: कथा या तीन आठवड्यांत आहे, आणि लेखकाने नेमके तेच गाळलेले आहेत.

उपाय कंटाळवाणा आहे, पण खात्रीचा आहे. कथेत येणारे कोणतेही काम, मग ते भातलावणी असो, मोदकाची उकड असो किंवा दहावीच्या परीक्षेचा अर्ज भरणे असो, आधी वेगळ्या कागदावर सुरुवातीपासून शेवटपर्यंत क्रमाने लिहून काढावे. जिथे ‘मग काहीतरी करतात आणि’ असे मनात येईल, तिथे खूण करावी आणि ते काम आजही करणाऱ्या माणसाला फोन लावावा. शहरी लेखकांनीही यातून सुटका मानू नये. ‘लोकलच्या प्रचंड गर्दीत तो कसाबसा उभा होता’ हे वाक्य कधीही मुंबईला न गेलेला माणूसही लिहू शकतो. वीस वर्षे डोंबिवलीहून प्रवास केलेल्या माणसाकडून निदान चौथ्या सीटवर अर्धवट टेकून बसण्याची, किंवा जागा मिळावी म्हणून आधी उलट्या दिशेने कल्याणपर्यंत जाण्याची माहिती अपेक्षित आहे.

‘पण हे खरेच घडले आहे’ असे म्हणणे

कथेतली एखादी घटना पटत नाही असे कोणी सांगितले, की लेखकाचे हे उत्तर तयार असते. प्रत्यक्षात घडलेल्या गोष्टीला कारण सांगावे लागत नाही, ती घडते आणि आपण मान्य करतो. कथेतल्या गोष्टीला मात्र आधीच्या पानांतून वाट काढावी लागते. वीस वर्षे न बोललेला भाऊ मुलीच्या लग्नात अचानक येऊन रडतो, हे तुमच्या घरी घडले असेल. वाचकाजवळ ती वीस वर्षे नाहीत. त्याला आधी कुठेतरी त्या भावाने गुपचूप पाठवलेला आहेर, किंवा वहिनीला केलेला एखादा फोन दिसायला हवा.

अशा वेळी घटना खरी असल्याचे काही काळ विसरून जावे आणि ती आपण रचली आहे असे समजून तिच्याकडे पाहावे. रचलेली असती तर आपण तिच्यासाठी आधी काय पेरले असते? तेवढे पेरावे. तेही जमत नसेल, तर खऱ्या घटनेतला एक महत्त्वाचा तपशील मुद्दाम बदलावा: भावाऐवजी बहीण, लग्नाऐवजी तेरावे. बदल करताच लेखकाला विचार करावा लागतो, आणि जे आधी केवळ आठवून लिहिले होते ते आता समजून लिहिले जाते.

बातमी वाचून माणूस लिहिणे

आता उलट टोक. लेखक संवेदनशील आहे, आपल्या अनुभवाबाहेर जाण्याची त्याची तयारी आहे, आणि तो ऊसतोड कामगार स्त्रीवर कथा लिहायला घेतो. २०१९ साली बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा विषय सर्वत्र गाजला, त्यावर विधिमंडळात चर्चा झाली, शासनाने समिती नेमली. हा विषय लेखकाला हलवून सोडतो यात नवल नाही. पण त्याच्या हातात असते ती बातमी, आणि बातमीत त्या बाईच्या आयुष्यातली एकच गोष्ट असते. कथा वाचून पाहा: ती पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत केवळ सोसते. ती कोणाशी भांडत नाही, कोणाची थट्टा करत नाही, तिला काही आवडत नाही, तिला हिशेब कळत नाही.

प्रत्यक्षात त्या कामाला हिशेबाची केवढी तरी भाषा आहे. नवरा-बायको मिळून एक ‘कोयता’ धरला जातो. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेली रक्कम ती ‘उचल’, आणि हंगाम संपताना ती ‘फिटली’ की अंगावर राहिली, यावर पुढच्या वर्षीचे सगळे अवलंबून. राहायला पाचटाची कोपी, तोडायला फड, बांधायच्या मोळ्या. बैलगाडीने ऊस नेणाऱ्यांचे काम वेगळे आणि मोळ्या डोक्यावर वाहून ट्रकमध्ये भरणाऱ्यांचे वेगळे. उसाचे वाढे गावातल्या जनावरवाल्यांना विकून हातखर्चाला चार पैसे सुटतात. तो पैसा कोणाच्या हातात राहतो? नवऱ्याच्या की बायकोच्या? तान्हे मूल फडात नेतात की मोठ्या मुलीच्या ताब्यात कोपीवर ठेवतात, आणि त्या मोठ्या मुलीच्या शाळेचे काय होते? सासूसाठी गावाकडे मागे काय ठेवून आलेली आहेत? कारखाना दोन दिवस बंद पडला तर त्या दोन दिवसांत ती काय करते? यांपैकी एका प्रश्नाचे जरी नीट उत्तर मिळाले, तरी तिथून खरी कथा सुरू होऊ शकते, आणि शस्त्रक्रियेचा प्रसंग मग त्या आयुष्यात घडतो. बातमीसारखा वरून चिकटवलेला राहत नाही.

ही माहिती मिळवायला काही मोठी मोहीम लागत नाही. हंगामात पश्चिम महाराष्ट्रातल्या कोणत्याही कारखान्याच्या परिसरात कोप्या दिसतात. मात्र पहिल्याच भेटीत दुःखाविषयी विचारू नये. ते विचारणारे पुष्कळ येऊन गेलेले असतात आणि त्यांना द्यायची उत्तरेही ठरलेली असतात. वाढ्यांचा भाव विचारावा.

गोळा केलेले सगळे वाढून टाकणे

वरचा सल्ला मनावर घेतलेल्या लेखकाकडून ही पुढची चूक होते. त्याच्याकडे आता दोन वह्या भरून टिपणे असतात आणि एकही वाया जाऊ द्यायचे नसते. मग कथेतला मुकादम दुसऱ्या मुकादमाला सांगतो, ‘तुला माहीतच आहे, की नवरा-बायकोला मिळून आपण कोयता म्हणतो.’ दोघांनाही माहीत असलेली गोष्ट कोणी कोणाला सांगत नाही. ऐतिहासिक कादंबऱ्यांत तर हा रोग जुना आहे: स्वारीची तयारी, तोफांची नावे, दरबारातल्या मानकऱ्यांचा क्रम, हे सगळे एखाद्या पात्राच्या तोंडी घालून लेखक आपल्या बखरवाचनाची पावती वाचकाला देतो.

इथे सुरुवातीचा प्रश्न कामी येतो. ज्याच्या नजरेतून प्रसंग सांगितला आहे, त्याला या घडीला काय दिसेल? रोजच्या सवयीची वस्तू माणसाला दिसत नाही. ती मोडली, हरवली किंवा परक्याच्या हातात गेली, की दिसते. कोयत्याची मूठ सैल झाली की तोडणाऱ्याचे लक्ष कोयत्याकडे जाते. त्या क्षणी कोयत्याविषयी दोन वाक्ये आली तर ती वाचकाला माहिती वाटत नाहीत. बाकीची टिपणे वहीतच राहू द्यावीत. ती लेखकाचा हात ठाम ठेवतात, एवढे काम पुरेसे आहे.

सर्व खेड्यांना एकच बोली देणे

मराठीत लिहिणाऱ्यांपुरती ही एक स्वतंत्र अडचण आहे आणि तिच्याकडे फार दुर्लक्ष होते. प्रमाण मराठीत वाढलेला लेखक खेडूत पात्राच्या तोंडी ‘हाय’, ‘न्हाय’, ‘म्या’, ‘लई’ अशी फोडणी घालतो आणि बोली साधली असे मानतो. ही बोली महाराष्ट्रातल्या कोणत्याही एका तालुक्याची नसते. ती तमाशापटांतून आणि मालिकांतून तयार झालेली आहे. अमरावतीकडचा माणूस ‘मले’, ‘तुले’ म्हणतो आणि ‘करून राह्यलो’ अशी क्रियापदे वापरतो. सावंतवाडीकडचा ‘माका’, ‘तुका’ म्हणतो. खानदेशातली अहिराणी तर व्याकरणानेच वेगळी आहे. या सगळ्यांना एकाच पोत्यात घातले, की त्या त्या भागातला वाचक पहिल्या संवादालाच परका होतो.

शिवाय कोणीही माणूस दिवसभर एकसारखे बोलत नाही. तोच शेतकरी घरी एक बोलतो, तहसील कचेरीत साहेबासमोर जपून प्रमाण भाषेकडे झुकतो आणि पुण्यात शिकणाऱ्या मुलाशी फोनवर आणखी तिसरेच काही बोलतो. मुलगा ज्या शब्दांना आता लाजतो, ते शब्द बापाने टाळले तर त्यातूनच केवढे तरी सांगून होते.

रा. रं. बोराडे यांच्या ‘पाचोळा’ (१९७१) या कादंबरीचे उदाहरण इथे उपयोगाचे आहे. गावातल्या शिंप्याच्या बायकोने ती आपल्या तोंडाने, मराठवाड्याच्या बोलीत सांगितली आहे. लेखक लातूर जिल्ह्यातल्या गावात वाढलेला. बोली त्याच्या कानात लहानपणापासून होती. शिंपीकाम करणाऱ्याच्या घरातली बायको होणे त्याला शक्य नव्हते. म्हणजे भाषा स्वतःची आणि आयुष्य दुसऱ्याचे. माझा अनुभव असा, की या दोहोंपैकी भाषा पक्की असेल तर आयुष्य शोधून काढता येते. आयुष्याची माहिती आहे आणि भाषा नाही, ही स्थिती जास्त अवघड. ज्याची बोली कानात नाही त्याने ती लिपीत उमटवण्याचा अट्टहास सोडावा, संवाद साध्या मराठीत लिहावेत, वाक्ये आखूड ठेवावीत आणि त्या भागातले चार नेमके शब्द, तेही वस्तूंची आणि कामांची नावे, तेवढे घ्यावेत. वाचक बाकीचा स्वर स्वतः भरून घेतो.

कोणत्या जागेवरून सांगतो आहोत, हे न ठरवणे

‘दुसऱ्या जातीच्या, दुसऱ्या वर्गाच्या माणसावर लिहिण्याचा अधिकार लेखकाला आहे का?’ हा प्रश्न मराठीत हवेतून आलेला नाही. १९६३ साली बाबूराव बागूल यांचा ‘जेव्हा मी जात चोरली होती’ हा कथासंग्रह आला, पुढे दलित साहित्याची चळवळ उभी राहिली, आणि तोवरच्या मराठी कथेत दलित माणूस बहुतेक वेळा दयेचा विषय म्हणून येत होता ही गोष्ट उघडी पडली. अपमानाचा अनुभव सगळ्यांना असतो, म्हणून कोणीही कोणाचाही अपमान लिहू शकतो, हा युक्तिवाद तेव्हाही केला गेला आणि आजही केला जातो. तो अर्धाच खरा आहे. साहेबाने चारचौघांत झापलेल्या कारकुनाला संध्याकाळी घरी गेल्यावर ते विसरता येते. नाव सांगताच समोरच्याच्या चेहऱ्यावर बदल दिसतो तेव्हा घरी जाऊन सुटका नसते. हा फरक न कळता लिहिलेली कथा कितीही सहानुभूतीची असली तरी उंटावरून शेळ्या हाकण्यासारखी होते.

तरीही माझे उत्तर मनाई हे नाही. लेखकाने आपली जागा आधी ठरवावी. व्यंकटेश माडगूळकर यांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) निवेदक धनगर नाही, त्या वाडीवर नेमणूक झालेला तरुण मास्तर आहे. वाडीतली माणसे त्याला जेवढी दिसतात आणि त्याच्याशी जेवढी बोलतात, तेवढीच वाचकाला कळतात. जे मास्तरला उमगत नाही ते वाचकालाही उमगत नाही, आणि कादंबरीला त्याने उणेपणा येत नाही. बाहेरून आलेला निवेदक ठेवणे ही पळवाट नसून प्रामाणिक आणि अतिशय सोयीची रचना आहे, कारण नवख्या माणसाला प्रश्न पडतात आणि त्याला समजावून सांगणे पात्रांना अस्वाभाविक वाटत नाही. तिचा धोका एवढाच, की निवेदक हळूहळू नायक होऊन बसतो आणि वाडीचे हाल त्याच्या मनाच्या वाढीचे साहित्य बनतात. पाच-सहा प्रकरणांनंतर तपासावे: वाडीतल्या माणसांना मास्तर नसतानाही काही आयुष्य आहे का?

दुसरी वाट मालतीबाई बेडेकरांची. विभावरी शिरूरकर या टोपणनावाने १९३३ साली त्यांचा ‘कळ्यांचे निःश्वास’ हा संग्रह प्रसिद्ध झाला. त्यातल्या सुशिक्षित, अविवाहित मुलींची घुसमट त्यांना जवळून माहीत होती, आणि ती माहीत असल्यामुळेच नाव लपवावे लागले. पुस्तकावर गदारोळ झाला. ‘माहीत आहे तेच लिहा’ म्हणणारे ही किंमत सहसा सांगत नाहीत. त्यानंतर १९५० साली त्यांची ‘बळी’ ही कादंबरी आली, ती ‘गुन्हेगार’ ठरवलेल्या जमातींच्या सोलापूरच्या वसाहतीतल्या जीवनावर. १८७१ च्या कायद्याने माणसांना जन्मतःच गुन्हेगार ठरवले होते. देशभर तो कायदा रद्द झाला १९५२ साली. म्हणजे कादंबरी आली तेव्हा हा विषय अजून ताजा होता. मालतीबाई त्या जमातींतल्या नव्हत्या, पण अशा वसाहतीत त्यांनी नोकरी केली होती आणि रोजचा व्यवहार त्यांनी पाहिला होता. जन्माने न मिळालेली माहिती कामातून मिळते. मात्र कामाच्या खुर्चीतून काय दिसत नाही, हेही अशा लेखकाने ध्यानात ठेवावे: अधिकाऱ्यासमोर लोक जे बोलत नाहीत ते त्याच्या कादंबरीत येणार नाही, जोवर तो ते वेगळ्या मार्गाने मिळवत नाही.

कल्पनाप्रधान लेखनाला हा नियम लावणे

ही चूक थोडक्यात आटोपता येते. कृष्णविवरात कोणी जाऊन आलेले नाही, आणि पेशव्यांच्या काळात जगलेला कोणी आज हयात नाही. नियम शब्दशः घेतला तर हे सारे प्रकार बंद करावे लागतील. जयंत नारळीकरांनी १९७४ साली मराठी विज्ञान परिषदेच्या कथास्पर्धेसाठी ‘कृष्णविवर’ ही कथा नारायण विनायक जगताप अशा टोपणनावाने पाठवली आणि तिला पहिले बक्षीस मिळाले. विषयातला अधिकार मोठा होता, पण परीक्षकांसमोर तो अधिकार झाकून ठेवलेला होता; त्यांच्या हाती फक्त कथा होती. आपल्या कथेचीही अशीच परीक्षा घ्यावी. लेखकाचा पेशा, गाव, पदवी यांची माहिती काढून टाकल्यावर पान स्वतःच्या बळावर उभे राहते का? काल्पनिक जगाचे नियम लेखकाने स्वतः केलेले असतात, त्यामुळे तिथे ‘माहीत असणे’ म्हणजे ते नियम पाळणे. भुताला भिंत अडवत नाही असे पहिल्या प्रकरणात ठरले, तर चौथ्या प्रकरणात त्याने दार वाजवू नये.

नाव बदलले की माणूस बदलला असे समजणे

आपल्या माहितीतले लिहिणाऱ्यांनी हा धोका गंभीरपणे घ्यावा. आत्याचे नाव बदलले, पण तिची मोडलेली सोयरीक, तिचा पाय ओढत चालण्याचा ढंग आणि तिने वाटणीत केलेला हट्ट तसाच ठेवला, तर गावातल्या प्रत्येकाला ती ओळखू येते. ‘साम्य आढळल्यास योगायोग समजावा’ ही ओळ कोणालाही फसवत नाही, आणि बदनामीचा दावा उभा राहिला तर तेवढ्याने बचाव होतोच असे नाही. व्यवसाय, वय, गाव, शक्य असेल तर लिंगसुद्धा बदलून पाहावे आणि मग विचारावे, की या माणसातले मला नेमके काय हवे होते. बहुतेक वेळा हवा असतो तो एखादा स्वभावविशेष, आणि तो कोणत्याही दुसऱ्या देहात जाऊन राहू शकतो. राहत नसेल, तर लिहायची आहे ती कथा नसून आठवण आहे. ती आत्याच्या परवानगीने, आठवण म्हणूनच लिहिलेली बरी.

जाणकाराला चुकीचा प्रश्न विचारणे

खर्डा तयार झाल्यावर त्या आयुष्यातल्या माणसाला तो वाचायला द्यावा, हे आता बहुतेकांना पटलेले असते. अडचण पुढे येते. लेखक विचारतो, ‘कशी वाटली?’ आणि समोरचा, घरी आलेल्या पाहुण्याला म्हणावे तसे, ‘छान आहे’ म्हणतो. या उत्तराचा काही उपयोग नाही. विचारायचे ते असे: यातले कोणते काम या क्रमाने होत नाही? कोणता शब्द तुमच्याकडे कोणी वापरत नाही? हे बोलताना तिच्या सासूला राग आला असता का? यातले कोण तुमच्या ओळखीचे वाटले आणि कोण बाहेरून आल्यासारखे? वाचून दाखवणे शक्य असेल तर आणखी चांगले, कारण ऐकताना माणूस कुठे हसतो आणि कुठे गप्प होतो ते दिसते. ज्याने वेळ काढला त्याची मजुरी बुडत असेल तर ती द्यावी, आणि श्रेय द्यायचे तर आधी विचारून.

येणारे आक्षेप दोन प्रकारचे असतात आणि त्यांची गल्लत करू नये. ‘आमच्याकडे मोळी अशी बांधत नाहीत’ हा आक्षेप मुकाट्याने मान्य करून ओळ दुरुस्त करावी. ‘आमच्या बायका अशा वागत नाहीत’ हा दुसरा प्रकार. यात कधी लेखकाचा पूर्वग्रह पकडलेला असतो, तर कधी समाजाची अब्रू राखण्याची धडपड असते, आणि पहिल्या भेटीत या दोन्ही गोष्टी सारख्याच दिसतात. अशा वेळी तेच पान त्याच घरातल्या एखाद्या बाईला, आक्षेप घेणारा माणूस समोर नसताना, वाचून दाखवावे आणि मगच ओळ ठेवायची की खोडायची ते ठरवावे.